लाल फिल्टर

नावात लाल आणि डोळ्यांत नाही:
बाबालाल शिकलगार.
एसटीच्या डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं,
बाकीच्यांना आकडे दिसले, यांना खडी.
ड्रायव्हर व्हायचं राहिलं.
म्हणून चुलत्याच्या स्टुडिओत, लक्ष्मीपुरीत,
जिन्याखालच्या डार्करूममध्ये शिरले
ते चाळीस वर्षं बोटांना हायपोचा वास घेऊनच जेवले.

तिथला लाल दिवा त्यांच्या लेखी विझलेलाच.
"मळकट अंधार," म्हणायचे, "पर ओळखीचा."

मग रंगीत रोल आले.
पहिल्याच लग्नात अख्खं वऱ्हाड शेवाळलेलं छापून दिलं,
नवरीसकट.
मुलीच्या बापानं आल्बम काउंटरवर आपटला.
त्या दिवसापासून माणसं सोडली,
जमीन धरली.

मी त्यांचं तिकाटणं उचलायची.
पन्हाळ्याची पहिली गाडी, मग मसाई पठारापर्यंत पायी,
त्यांच्या छातीवर जुना दुडोळी कॅमेरा,
वरून वाकून बघायचा,
डावीकडची वाट उजवीकडं दाखवणारा.
रोलात बारा फोटो.
"बारा भाकरी हायत. पाव्हणं बघून वाढायच्या."
कधी दिवसभर बसून एकच वाढायचे,
उरलेल्या अकरा घेऊन शेवटच्या गाडीनं परत.

दिवाळीच्या आधीचं पठार:
तांबडा कातळ, त्याला खेटून हिरवं गवत,
माझ्या डोळ्यांत दोघांचं कडाक्याचं भांडण.
मी बटण दाबलं. प्रिंट धुतली तर
दोघं एकाच करड्या वाकळेखाली गाढ झोपलेले.
बाबालाल खोकला येईस्तोवर हसले.
"आता कळलं, मला काय दिसतं?"

पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून काचेच्या चकत्या काढल्या.
कडेला ब्लेडनं ओढलेल्या खुणा:
एक रेघ पिवळी, दोन नारिंगी, तीन लाल.
अंगठ्यानं चाचपून तीन रेघांची निवडली.
"ही लाव. तीन स्टॉप जादा दे."

कातळ उजळला. गवत काळवंडलं.
आभाळाची पाटी झाली, आणि तिच्यावर एकच ढग,
कुणी ताक सांडल्यासारखा.

त्यांच्याकडं एक वही होती, शंभरपानी,
वाटेत भेटेल त्याला विचारून लिहिलेली.
बिरू येडगे, मेंढरंवाला: कातळ भाजल्या विटंवानी.
त्याचीच बायको: न्हाई, वाळल्या मिरचीवानी.
गुऱ्हाळावरचा पोरगा: पाला हिरवा, पर वाळला की तुमच्या मिशीवानी.
समोर आकडे, स्टॉपचे, सेकंदांचे.
मला एकदा विचारलं, लाल कसा असतो.
मी म्हणाले, तापल्या तव्याजवळ तळहात नेला की वाटतं, तसा.
लिहून घेतलं. पुढं प्रश्नचिन्ह.

गेल्या शनिवारी प्रिंट वाळायच्या आत मंगळवार पेठेत नेली.
खाटेवरनं उठवत नाही त्यांना आता.
फोटो उलटा धरून बघितला, सवयीनं, पायथा वर.
बराच वेळ.
"डाव्या कोपऱ्यात काळं तुंबलंय. मोकळं कर.
त्यात माणूस हाय."
मी म्हटलं, कुणी नव्हतं तिथं. मी होते ना.
"तू रंग बघत हुतीस."

परत जिन्याखाली.
सायकलच्या तारेला पुठ्ठ्याची टिकली,
तेवढ्याच कोपऱ्यावर सावली धरून
आठ सेकंद हात हलवत राहिले.
कागद डिशमध्ये सोडला.
आधी कड्याची धार आली, मग गवत,
मग काळ्या खडकापुढं काळी घोंगडी
आणि घोंगडीतून आमच्याकडं बघणारा बिरू येडगे,
काठीवर हनुवटी टेकून,
किती वेळचा.